मळसूत्री जिन्याची भिंत : संगणकीय वास्तुरेखनातील एका गृहीताची चिकित्सा

१

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात धसईहून देहरीच्या वाटेने गोरखगडाकडे जाता येते. या गडाची वरची चढण कातळात खोदलेल्या पायऱ्यांची असून त्याचा दरवाजाही कातळातच कोरलेला आहे. अशा जिन्याला भिंत बांधावी लागत नाही. पाथरवटाने जेवढा खडक काढला तेवढा जिना झाला आणि जो खडक तसाच ठेवला ती भिंत झाली. पायरी आणि भिंत ही तेथे एकाच कृतीची दोन अंगे आहेत. वाट वळली की भिंत आपोआप वळते, वाट चढली की तीही चढते. त्यामुळे भिंत जिन्याला बसते की नाही हा प्रश्नच तेथे संभवत नाही.

बांधीव जिन्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे जिना व भिंत या दोन स्वतंत्र वस्तू होत आणि एक दुसरीला बसवावी लागते. जिना सरळ असला तर हे काम सोपे असते, कारण भिंतीचा माथा एका तिरप्या सरळ रेषेत उतरविला की भागते. जिना वर्तुळाकार झाला म्हणजे मात्र भिंतीला एकाच वेळी दोन गोष्टी कराव्या लागतात : तलचित्रात वळावे लागते आणि उंचीत चढावे लागते. या दुहेरी गतीची भिंत आजच्या वास्तुरेखनाच्या संगणकप्रणालींत कशी रेखिली जाते, आणि ती रेखिताना येणारी अडचण नेमकी कोठून उद्भवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक व किरकोळ वाटेल. परंतु कठड्याची उंची, गवंड्याच्या हाती पडणारे चित्र आणि वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याची आकार पाहण्याची दृष्टी या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत.

२

प्रथम भूमितीचा विचार करू जाता एक साधे उदाहरण पुरेसे आहे. अर्धवर्तुळात फिरणारा एक जिना घ्यावा. त्याच्या आतल्या कडेची त्रिज्या १.२ मीटर, बाहेरच्या कडेची २.४ मीटर, आणि एकूण चढ ३.२ मीटर असून तो प्रत्येकी १६ सेंटिमीटरच्या २० चढांत विभागला आहे असे समजावे. प्रत्येक पायरीच्या वाट्यास ९ अंश येतात. पायरीची रुंदी आतल्या कडेशी सुमारे १९ सेंटिमीटर, मध्यावर २८ सेंटिमीटर व बाहेरच्या कडेशी ३८ सेंटिमीटर भरते. चढणारा मनुष्य मध्यरेषेवरून चालतो असे धरल्यास हा जिना सोयीचाच म्हणावा लागेल.

आता दोन्ही कडांच्या भिंती कागदासारख्या उलगडून सपाट पसराव्यात. दंडगोलाचे पृष्ठ असे उलगडता येते. तसे केल्यावर पायऱ्यांच्या कडांना स्पर्श करीत जाणारी रेषा दोन्ही भिंतींवर सरळ उमटते. तिचा कल मात्र एकसारखा नसतो. आतल्या भिंतीची लांबी ३.७७ मीटर असल्यामुळे तेथील कल ४० अंशांहून किंचित अधिक येतो, तर बाहेरच्या ७.५४ मीटर लांबीच्या भिंतीवर तो २३ अंश राहतो. उंची तीच, वळण तेच, तरीही एक भिंत उभी चढते आणि दुसरी सावकाश. दंडगोलावर समप्रमाणात फिरत चढणाऱ्या या रेषेलाच मळसूत्र म्हणतात.

अडचणीचे खरे मूळ याच्या पुढे आहे. भिंतीला जाडी असते. आतल्या बाजूच्या कठड्याची जाडी २३ सेंटिमीटर धरली तर त्याचे जिन्याकडील अंग १.२ मीटर त्रिज्येवर आणि मधल्या पोकळीकडील अंग ०.९७ मीटर त्रिज्येवर येते. पहिल्या अंगावर माथ्याचा कल ४० अंश, तर दुसऱ्यावर ४६ अंश. म्हणजे एकाच भिंतीची दोन अंगे सहा अंशांच्या फरकाने चढतात आणि त्यांना जोडणारा माथा सपाट न राहता पिळला जातो. असे मळसूत्री पृष्ठ दंडगोलाप्रमाणे उलगडता येत नाही. भिंतीची दोन्ही अंगे कागदावर तंतोतंत उतरविता येतात; त्यांच्यामधला माथा कोणत्याही एका सपाट चित्रात खऱ्या मापाने उतरत नाही. जुन्या सुतारांना वक्र कठड्याचे काम अवघड का वाटे याचे उत्तर येथेच सापडते. स्कॉटिश वास्तुलेखक पीटर निकल्सन यांनी १८२० मध्ये जिने व कठडे यांच्या रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो याच गरजेपोटी.

३

संगणकप्रणालीतील 'भिंत' कशी असते हे आता पाहावयाचे आहे. रेषा व वर्तुळे काढणाऱ्या आरंभीच्या रेखनप्रणालींना भिंत म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी ती केवळ दोन समांतर रेषांची जोडी होती. इमारतीचे वर्णन रेषांऐवजी वस्तूंच्या द्वारे करावे हा विचार चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडला आणि पुढे आर्किकॅड, रेव्हिट यांसारख्या प्रणालींनी तो व्यवहारात रूढ केला. या प्रणालींत भिंत ही एक नामधारी वस्तू असते. तिला जाडी असते, थर असतात, तिच्यात दार-खिडकी बसविता येते, तिचे क्षेत्रफळ मोजता येते आणि मजल्याची उंची बदलली की तीही बदलते. ही मोठीच सोय होय, आणि तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु प्रत्येक नावाच्या पोटात एक व्याख्या दडलेली असते. येथील व्याख्या अशी की, तलचित्रात एक रेषा काढावी, तिला जाडी द्यावी आणि तो पट्टा सरळ वर उचलावा. जे उभे राहील ती भिंत. रेषा सरळ असो वा वर्तुळखंड असो, उचलण्याची क्रिया मात्र लंबरूपच असते. निरनिराळ्या प्रणालींत इमारतीच्या प्रतिरूपांची देवाणघेवाण व्हावी म्हणून जी आयएफसी नावाची खुली संहिता सिद्ध झाली, तिच्या दीर्घकाळ वापरात राहिलेल्या २ एक्स ३ या आवृत्तीत ही व्याख्या स्पष्ट शब्दांत आढळते. त्या संहितेने भिंतींचे दोन वर्ग केले. स्थिर जाडीची, तलरेषेवरून लंबरूप उचललेली भिंत ती 'प्रमाणभूत' भिंत. तिच्या माथ्याला सपाट प्रतलाने छाट देण्याची मुभा आहे. या वर्णनात जी बसत नाही ती नुसतीच 'भिंत'. मळसूत्री माथ्याचा कठडा अर्थातच दुसऱ्या वर्गात जातो. तो तेथे जातो यात चूक काही नाही. पण प्रमाण कोणते आणि अपवाद कोणता हे ठरविताना सरळ छपराखालील सरळ भिंत डोळ्यांपुढे होती, हे यावरून उघड होते.

येथे एक मर्यादा नोंदविणे न्यायाचे होईल. प्रत्येक गोल जिन्याची भिंत या व्याख्येबाहेर जाते असे नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याचे बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्यातील चक्री जिन्यासारख्या जिन्यांत भोवतालची भिंत पायथ्यापासून वरपर्यंत अखंड उभी असते. जिना तिच्या पोटातून फिरत जातो, पण तिचा माथा वा तळ ठरवीत नाही. अशी भिंत प्रणालीच्या व्याख्येत बिनबोभाट बसते. जेथे भिंतीचा माथा किंवा तळ स्वतः जिन्याबरोबर चढतो, म्हणजे कठडा, अर्धी भिंत वा जिन्याखालचा बंदिस्त भाग असतो, तेथेच व्याख्या तोकडी पडते. पहिल्या प्रकारात जिना भिंतीचा आश्रित असतो. दुसऱ्या प्रकारात भिंत जिन्याची आश्रित होते.

४

व्याख्या अपुरी पडली की आडवाटा निघतात. प्रचारात असलेल्या चार आडवाटांची परीक्षा करणे येथे आवश्यक आहे.

पहिली वाट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची आहे. वक्र भिंत पुरेशी उंच उभी करावी आणि तिच्या दोन्ही टोकांच्या इष्ट उंचीतून जाणाऱ्या एका तिरप्या सपाट प्रतलाने ती छाटावी. प्रणालीला हे मान्य असते, कारण सपाट छाट तिच्या व्याख्येतच आहे. परंतु दंडगोल तिरप्या प्रतलाने छाटला असता जी वक्ररेषा मिळते ती लंबवर्तुळ होय. ते मळसूत्र नव्हे. भिंत उलगडून पाहिल्यास ही छाट सरळ रेषेत न येता लाटेसारखी दिसते. वरच्या उदाहरणातील जिन्यावर ९० सेंटिमीटर उंचीचा कठडा या रीतीने रेखिला, तर पायथ्याशी, बरोबर मध्यावर आणि माथ्याशी त्याची उंची अचूक ९० सेंटिमीटर येते. मात्र चौथ्या-पाचव्या पायरीच्या सुमारास ती सुमारे ५६ सेंटिमीटरपर्यंत खाली उतरते, आणि पंधराव्या-सोळाव्या पायरीशी १२४ सेंटिमीटरपर्यंत चढते. दोन्हीकडे चौतीस सेंटिमीटरांची चूक! ५६ सेंटिमीटरच्या कठड्यावरून मूल खाली डोकावले तर त्याचा तोल जाण्यास वेळ लागणार नाही.

याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, ही चूक सहजासहजी दिसत नाही. ज्या तीन ठिकाणी माप तपासण्याची प्रवृत्ती असते, म्हणजे आरंभ, मध्य आणि शेवट, त्याच तीन ठिकाणी ती शून्य असते. शिवाय जिन्याच्या बाजूने काढलेल्या दर्शनी चित्रात ही चुकीची छाट स्वच्छ सरळ रेषा म्हणून उमटते, तर खरे मळसूत्र त्याच चित्रात नागमोडी दिसते. सरळ रेषेला नीटनेटकेपणा समजण्याची सवय झालेल्या डोळ्याला येथे चूक सुबक दिसते आणि बरोबर आकार ओबडधोबड वाटतो.

दुसरी वाट तुकड्यांची. वक्र भिंतीऐवजी लहान लहान सरळ भिंतींची साखळी मांडावी आणि प्रत्येकीचा माथा स्वतंत्रपणे तिरपा करावा. सरळ भिंतीची उभी बाह्यरेषा हवी तशी बदलण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. वक्र भिंतीला ती मुभा बहुधा नसते. म्हणून ही वाट लोकप्रिय झाली. उदाहरणातील अर्धवर्तुळाचे दहा तुकडे केले तर आतल्या कडेशी खऱ्या वर्तुळापासून जास्तीत जास्त दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. तो गिलाव्यात भरून निघेल असे कोणी म्हणेल. परंतु जाडीचा हिशेब येथेही सुटत नाही. जिन्याकडील अंगावर दोन शेजारी तुकड्यांचे माथे बरोबर जुळविले, तर पोकळीकडील अंगावर प्रत्येक सांध्याशी सुमारे सहा सेंटिमीटरची पायरी पडते. तुकड्यांची संख्या वाढविली की हे दाते लहान होतात, नाहीसे होत नाहीत. शिवाय जी एक भिंत होती तिच्या दहा वा वीस भिंती होतात, आणि जिन्यात पुढे बदल झाला की त्या सर्व पुन्हा हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

तिसरी वाट वजाबाकीची. आर्किकॅडमध्ये एका घन वस्तूतून दुसरी वजा करण्याची, आणि वजा होणाऱ्या वस्तूच्या वरचा किंवा खालचा सर्व भागही काढून टाकण्याची सोय आहे. उंच वक्र भिंत उभी करून जिन्याच्या आकारानेच ती छाटावी, असा हा उपाय आहे. तत्त्वतः तो इतर वाटांहून श्रेष्ठ म्हटला पाहिजे. भिंतीचा आकार येथे प्रत्यक्ष जिन्यापासून निघतो आणि गोरखगडाच्या पाथरवटाची रीत निराळ्या रूपाने परत येते, कारण काढून टाकण्यातूनच आकार सिद्ध होतो. तथापि कठड्यासाठी जिन्याची एक प्रत ९० सेंटिमीटर वर उचलून, रुंद करून, अदृश्य ठेवावी लागते. पायऱ्यांच्या आकारानेच छाट दिली तर माथाही दातेरी होतो. म्हणून तो अदृश्य मदतनीस पायऱ्यांऐवजी गुळगुळीत मळसूत्री पृष्ठाचा करावा लागतो. मूळ जिना बदलला आणि ही प्रत बदलण्याचे राहून गेले, तर कठडा पूर्वीच्या जिन्याशी इमान राखून उभा राहतो.

चौथी वाट मुक्त आकारांची. ऱ्हायनोसारख्या, पृष्ठे स्वतंत्रपणे घडविणाऱ्या प्रणालीत मळसूत्री माथा सहज आणि अचूक काढता येतो. पण असा आकार इमारतीच्या प्रतिरूपात आणला की तो केवळ एक निनावी घन पदार्थ ठरतो. त्याला थर नसतात, भिंतींच्या मोजणीत तो येत नाही, त्यात कोनाडा वा झरोका बसवावयाचा तर सारा उद्योग नव्याने करावा लागतो. त्याला भिंत असे लेबल लावता येते, परंतु भिंतीचे गुणधर्म त्याला मिळत नाहीत.

चारही वाटांचा एकत्र विचार केला असता असे दिसून येईल की, पहिल्या दोन वाटांत भिंतीचे नाव टिकते पण आकार बिघडतो. चौथ्या वाटेत आकार टिकतो पण नाव जाते. आणि तिसऱ्या वाटेत दोन्ही टिकतात, पण एका लपविलेल्या प्रतीच्या आधारावर. दोष कोणा एका प्रणालीच्या कारागिरीचा नाही. भिंत म्हणजे तलचित्राची उंची वाढविलेली छाया, या मूळ गृहीताचा तो परिणाम आहे.

५

यावर एक आक्षेप संभवतो. अखेर भिंत गवंडी बांधणार. चित्रात काही सेंटिमीटरांचा फरक राहिला तर तो जागेवर निस्तरला जाईल, असे कोणी म्हणेल. पूर्वी हे बव्हंशी खरे होते. राजाबाई मनोऱ्याचे रचनाकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडे इंग्लंडातून पाठविले. ते स्वतः मुंबईस कधीही आले नाहीत. तलचित्र व छेद यांत जे मावत नाही ते बांधकामाच्या जागी पुरे करावे लागणार, हे अशा व्यवहारात गृहीतच असते. चित्र अपुरे आहे हे चित्रकार व कारागीर दोघांनाही ठाऊक असे, आणि त्या जाणिवेमुळेच कारागिराच्या विद्येला वाव राही.

ती विद्या कशी असते ते पाहण्यासारखे आहे. धसईसारख्या गावी अर्धवर्तुळाकार जिन्याचे काम निघाले, तर जाणता गवंडी वर्तुळाच्या मध्यावर एक नळ वा वासा ओळंब्यात उभा करतो. त्याला दोरी बांधून आतली व बाहेरची कड जमिनीवर आखतो, पायऱ्यांचे समान भाग पाडतो, प्रत्येक भागावर ओळंबा धरून उंचीच्या खुणा करतो आणि लवचीक पट्टी वाकवून त्या खुणा जोडतो. जी रेषा मिळते ती मळसूत्रच असते. त्याने त्या शब्दाचा उच्चार केला नसेल, पण 'जेवढे फिरावे तेवढे चढावे' हा नियम त्याने पाळलेला असतो. त्याची क्रिया तलचित्रापासून सुरू होत नाही. ती पायरीपासून सुरू होते आणि भिंत तिच्या मागून येते.

आज परिस्थिती पालटली आहे. शहापूर-मुरबाड भागात शहरवासीयांची शेतघरे व बंगले उभे राहिले आहेत. त्यांची चित्रे पुष्कळदा मुंबई-ठाण्याच्या कार्यालयांत तयार होतात. त्रिमित प्रतिरूपातून काढलेल्या चित्राला एक नवी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. त्यात प्रत्येक माप दशांशापर्यंत दिलेले असते आणि रंगीत दृश्य तर प्रत्यक्षाचाच भास उत्पन्न करते. अशा चित्रापुढे गवंडी आपल्या पट्टीवर विश्वास ठेवील की कागदावर? तो कागदावर विसंबला तर चौतीस सेंटिमीटरांची चूक वीटकामात उतरेल. पट्टीवर विसंबला तर भिंत बरोबर होईल, पण मोजणी, सेंटरिंगच्या फळ्या व दगडी पाटाची मागणी प्रतिरूपावरून झालेली असल्यामुळे ती सारी चुकेल. जुने चित्र अपुरे असे आणि तसे दिसेही. नवे चित्र अपुरे असूनही पूर्ण दिसते.

हीच गोष्ट प्राचीन वास्तूंच्या नोंदीसही लागू पडते. रायगडाच्या महादरवाजाशी दोन बुरुजांच्या कवेतून वळत जाणारी वाट आहे. अशा वक्र, चढत्या, जागोजाग जाडी बदलणाऱ्या दगडी बांधकामाची मोजणी यंत्राने बिंदू-बिंदू घेऊन अत्यंत बारकाईने करता येते. परंतु त्या बिंदूंवरून प्रतिरूप रचताना ते 'प्रमाणभूत' भिंतींत बसविले, तर वळण समान होते, जाडी स्थिर होते आणि माथा सपाट होतो. मोजणीने जे टिपले ते रेखनाने पुसले जाते. पुढील पिढीच्या अभ्यासकाला मूळ बांधकामाची ढासळ झाल्यावर हेच प्रतिरूप पुरावा म्हणून हाती येईल, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य पटते.

६

या विवेचनावरून संगणकप्रणालींचा त्याग करावा असा निष्कर्ष काढणे अप्रस्तुत होईल. त्यांच्यावाचून आजचे वास्तुकार्य चालणार नाही, आणि वर दाखविलेली चूक शोधण्याचे साधनही त्यांच्याच हाती आहे. अपेक्षा एवढीच की, साधनाची व्याख्या ही वस्तूची व्याख्या समजली जाऊ नये. प्रणाली जे सहज काढू देते तेच भिंतीचे स्वाभाविक रूप, असा संस्कार विद्यार्थ्याच्या मनावर नकळत होत असतो. आणि मग वक्र जिना रेखिण्याऐवजी तो जिनाच सरळ करून टाकण्याचा मोह पडतो. रचनेत झालेला तो बदल कोणाच्या विचाराने झालेला नसतो, आणि म्हणून त्याची नोंदही कोठे होत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने उपाय अवघड नाही. मळसूत्री भिंत प्रतिरूपात उभी करण्यापूर्वी तिची दोन्ही अंगे कागदावर उलगडून काढावीत. दोन्ही कल लिहून ठेवावेत. आणि प्रतिरूप तयार झाल्यावर कठड्याची उंची आरंभ, मध्य व शेवट यांबरोबरच पहिल्या व तिसऱ्या चतुर्थांशावरही मोजावी. उदाहरणातील चुकीची भिंत या पाच मापांपुढे टिकत नाही, कारण चतुर्थांशांवरील दोन मापे तिला तत्काळ उघडी पाडतात. उलगडलेले चित्र गवंड्याकडेही प्रतिरूपाच्या बरोबरीने जावे. त्याला ते वाचता येते. त्याच्या पट्टीची भाषा आणि त्या चित्राची भाषा एकच आहे.

गोरखगडाच्या पायऱ्यांशी भिंत वेगळी करता येत नाही, कारण तेथे चालणाऱ्या पावलानेच दोन्ही ठरविल्या. बांधीव वास्तूत त्या वेगळ्या झाल्या आणि संगणकात त्यांची नावेही वेगळी नोंदली गेली. हे वेगळेपण कामाच्या सोयीचे आहे. तथापि भिंतीचा माथा कोठे असावा याचा निर्णय तलचित्रातील रेषेने करावयाचा नसून जिना चढणाऱ्या माणसाच्या हाताने करावयाचा असतो. आणि तो हात पाचव्या पायरीवरही कठड्याला टेकला पाहिजे.